पैसा निघाला, पण पोहोचला का?



मंडळीच्या वार्षिक सभेत खजिनदार जमाखर्च वाचतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "छपराच्या दुरुस्तीला इतके कसे लागले?" त्याचे समाधान झाल्यावरच हिशेब मंजूर होतो. देशाच्या सरकारलाही संसदेपुढे असाच हिशेब ठेवावा लागतो. पाड्यांवर मला नेहमी ऐकावे लागते, "ताई, दिल्लीहून पैसा सुटतो म्हणतात, मग पाणी मुरते कुठे?" म्हणून या अंकात हा पाठ.

संविधानाच्या अनुच्छेद ११४ प्रमाणे, संसदेने कायदा केल्याशिवाय भारताच्या संचित निधीतून रुपयाही काढता येत नाही. म्हणून दरवर्षी अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढे येतात आणि शेवटी विनियोजन विधेयक मंजूर होते. (बऱ्याच मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदमच मंजूर होतात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात, आणि ते नाव शोभते.) ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मंजुरी संपते. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला, तर तो नंतर संसदेकडून नियमित करून घ्यावा लागतो.

वर्ष संपल्यावर विनियोजन लेखे तयार होतात. संसदेने किती दिले आणि खात्याने किती वापरले, हे त्यात शेजारी शेजारी मांडलेले असते. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपण वर्तमानपत्रात 'कॅग' वाचतो ते, या लेख्यांची तपासणी करतात. त्यांचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि राष्ट्रपती ते दोन्ही सभागृहांपुढे ठेववितात.

पण शेकडो पानांचा अहवाल सभागृहात कोण वाचणार? त्यासाठी लोकलेखा समिती आहे. तिची सुरुवात १९२१ सालची. आज तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्र्याला तिथे जागा नाही. अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा, हा १९६७ पासूनचा संकेत. समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते, आणि तिच्या शिफारशींवर काय केले हे सरकारला कळवावे लागते. माझ्या मते संसदेचे सर्वांत उपयोगी काम याच खोलीत चालते, जिथे कॅमेरे नसतात.

आता आपल्या कामाशी जोडलेली गोष्ट. सरकारी लेख्यांत ७९६ हे गौणशीर्ष आदिवासी क्षेत्र उपयोजनेचे आहे. त्यामुळे आदिवासींच्या नावाने मांडलेला पैसा वेगळा ओळखता येतो. मात्र एक मेख आहे. वसतिगृहासाठी दिल्लीने राज्याला अनुदान पाठवले, की केंद्राच्या लेख्यात तो खर्च झाला. पाया खणलेला नसला तरी! म्हणजे संसदेला दिलेला हिशेब पूर्ण खरा असतो आणि मुले तरीही गळक्या खोलीत झोपलेली असू शकतात. पैसा कामाला लागला की नाही, हे उपयोगिता प्रमाणपत्रावरून समजते. कॅगचे पथक गावात जाऊन इमारत पाहते तेव्हाही समजते, पण ते सगळीकडे पोहोचू शकत नाही. थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांबद्दल कॅगच्या अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळते.

हीच मागणी गावातही करता येते, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याप्रमाणे, योजनांवर निधी वापरल्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचे असते. संसदेपुढे सचिव उभे राहतात, तसे इथे सरपंच आणि ग्रामसेवक. आपल्या गावात हा विषय शेवटचा कधी निघाला, हे ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वहीत सापडेल. ती वही ग्रामसेवकाकडे असते.