हिशेबात न जुळणारे पाच मिलिअँपिअर

गिझर लावताच घरातली वीज खटकन गेली, की "स्विचच बिघडलेला दिसतो" असे कुणीतरी म्हणतेच. खरोखर कोण बिघडलेले असते, स्विच की गिझर? हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला ट्रकचालकांना दर हिवाळ्यात पडतो. तिथले उदाहरण फार बोलके आहे. ते नीट समजून घेतले, तर आपल्या गिझरचे कोडेही आपोआप सुटेल.

अमेरिकेच्या उत्तरेकडील नॉर्थ डाकोटा राज्यात हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा थंडीत डिझेल एंजिन सुरू करणे महाकठीण. डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. पण सभोवतालचे लोखंड गारठलेले असेल, तर ते ही उष्णता शोषून घेते. त्यातच वंगणाचे तेल घट्ट होते आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. म्हणून रात्री एंजिनाला ऊब देत ठेवावी लागते. याच राज्यातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांना एंजिनाच्या अशा विजेच्या हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले. आज बहुतेक ट्रकांत हा हीटर एंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. ब्लॉकभोवती खेळणाऱ्या पाणी व ग्लायकॉल यांच्या मिश्रणात त्याची कांडी बुडालेली असते. त्याची वायर ट्रकच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते. रात्री ती घराबाहेरच्या सॉकेटला जोडली, की सकाळी एंजिन झटकन सुरू होते.

आता अडचण अशी, की पहिली कडाक्याची थंडी पडते, मालक प्लग लावतो आणि सॉकेट लगेच बंद पडते. बटण दाबून ते पुन्हा चालू करावे, तर पुन्हा खट्! असे का व्हावे?

दोन पहारेकरी

विजेच्या वाटेवर येथे दोन पहारेकरी असतात आणि दोघांची कामे अगदी वेगळी असतात. पहिला म्हणजे वितरण पेटीतला सर्किट ब्रेकर. तो फक्त प्रवाह किती मोठा आहे एवढेच पाहतो. अमेरिकेत घरगुती दाब १२० व्होल्ट असतो. गणित सोपे व्हावे म्हणून हीटर १२०० वॅटचा आहे असे मानू. त्यातून १२०० ÷ १२० = १० अँपिअर प्रवाह जाईल. ब्रेकर १५ अँपिअरचा असेल, तर त्याला काहीच हरकत नाही. मात्र त्याच वायरीवर शेजारच्या ट्रकचा तेवढाच हीटर लावला, तर २० अँपिअर होतील आणि ब्रेकर पडेल. हा बिघाड नव्हे, केवळ जादा भार.

दुसरा पहारेकरी सॉकेटमध्येच बसलेला असतो. त्याला ग्राउंड फॉल्ट इंटरप्टर म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी १९६१ साली तो तयार केला. त्याची युक्ती साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून ओवलेल्या असतात. जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह अगदी समान असतील, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना नाहीशी करतात. पण थोडासा जरी प्रवाह भलत्या वाटेने जमिनीत गेला, तरी हा तोल ढळतो. मग कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो आणि सॉकेट बंद पडते. यासाठी सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पुरतो.

आता तुलना करा. हीटरचा प्रवाह १० अँपिअर, म्हणजे १०,००० मिलिअँपिअर. त्यात ५ मिलिअँपिअरची गळती म्हणजे दोन हजारांत एक भाग! एवढ्या गळतीने हीटरच्या उष्णतेत काहीच फरक पडत नाही. येथेच माणूस फसतो. तो तोच प्लग इंटरप्टर नसलेल्या साध्या सॉकेटला लावून पाहतो. हीटर छान तापतो. "म्हणजे हीटर ठीक आहे, सॉकेटच खराब आहे," असा निष्कर्ष तो काढतो. पण या प्रयोगाने एवढेच सिद्ध झाले, की साध्या सॉकेटला गळती दिसत नाही.

गळती येते कोठून?

हीटरच्या कांडीत मध्यभागी रोधतार आणि बाहेर धातूची नळी असते. दोघींच्या मध्ये मॅग्नेशिअम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण तिचा एक दुर्गुण आहे. ती ओलावा शोषते. कांडीच्या टोकाचे सील सैल झाले असेल, तर महिनोन् महिने हीटर न वापरल्याने आत दमटपणा साठतो. शीतक मिश्रण कमी झाले, तर कांडी उघडी पडून जास्त तापते आणि नळीला तडा जाऊ शकतो. मग ते मिश्रणच आत शिरते. तिसरे कारण बाहेरचे. बर्फ वितळावे म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खाऱ्या चिखलाचे शिंतोडे जाळीपाशी लोंबणाऱ्या प्लगवर उडतात. खारे पाणी विजेचे वाहक आहे, हे तुम्ही शिकलाच आहात.

दोष शोधण्याचा क्रम

शास्त्रीय पद्धत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. प्रथम पाहावे, पडले कोण? ब्रेकर पडला असेल तर भार मोजावा. इंटरप्टर पडला असेल तर गळती शोधावी. नंतर त्याच सॉकेटला दुसरे चांगले उपकरण लावावे. ते नीट चालले, तर सॉकेटवरचा संशय बराच कमी होतो. मग प्लग काढून हीटरची वायर एंजिनापाशी सोडवावी आणि नुसती वायर सॉकेटला लावावी. तरीही सॉकेट पडले, तर दोष वायरीत किंवा तिच्या प्लगमध्ये आहे. न पडले, तर संशय कांडीवर.

आता वीजपुरवठा पूर्ण तोडून मल्टिमीटरने कांडी तपासावी. प्रवाहाच्या दोन टोकांमध्ये रोध १२० ÷ १० = १२ ओहमच्या आसपास यावा. पण महत्त्वाचे मोजमाप पुढचे आहे. यांपैकी कोणतेही टोक आणि भूसंपर्काचे टोक यांच्यामध्ये रोध जवळजवळ अनंत हवा. तो कितीपर्यंत चालेल? १२० व्होल्टला ५ मिलिअँपिअर म्हणजे १२० ÷ ०.००५ = २४,००० ओहम. चांगल्या विद्युतरोधकाचा रोध लाखो ओहम असतो. तो हजारांत आला, तर कांडी बदलणे हाच उपाय. मात्र मल्टिमीटर थोड्याच व्होल्टवर मोजतो. त्याला न दिसलेला दोष १२० व्होल्टला उघडा पडू शकतो. म्हणून वीजतंत्री ५०० व्होल्ट देणारा मेगर वापरतात.

पहारेकऱ्याचे तोंड बांधू नका

कंटाळून काही जण इंटरप्टर काढून टाकतात. शिवाय भूसंपर्काची गोल पिन तुटलेली एक्स्टेन्शन वायर वापरतात. याचा परिणाम मोजून पाहू. समजा, गळतीच्या वाटेचा रोध ५,००० ओहम आहे. ट्रक रबरी टायरांवर उभा, भूसंपर्क नाही. अशा ट्रकच्या दाराला ओल्या बर्फात उभ्या असलेल्या माणसाने हात लावला. ओल्या शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर प्रवाह १२० ÷ ६,००० = ०.०२ अँपिअर, म्हणजे २० मिलिअँपिअर. डाल्झील यांच्या प्रयोगांत असे आढळले होते, की सुमारे १६ मिलिअँपिअरला सरासरी पुरुषाला हातातली तार सोडता येत नाही. आणि ब्रेकर? तो १५ अँपिअरची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो!

आपल्याकडे दाब २३० व्होल्ट असतो आणि घरातला आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. गिझरच्या कांडीतही तीच भुकटी असते. म्हणून आरसीसीबी पडला, तर त्याला दोष देण्याआधी गिझर बंद ठेवून वीजतंत्र्याला बोलवा. घरच्या विजेवर स्वतः प्रयोग करू नका.

विचार करा

१. आपल्या घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडण्यास फेजकडील गळतीचा रोध जास्तीत जास्त किती असावा लागेल?

२. दोन ट्रकांचे लहान हीटर एकाच इंटरप्टरवर आहेत. प्रत्येकाची गळती ३ मिलिअँपिअर आहे. एकेकटा लावला तर सॉकेट चालू राहते. दोन्ही लावल्यावर काय होईल?

३. रोधतारेवर दाब एका टोकाला १२० व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य असतो. २४,००० ओहमची गळती तारेच्या अगदी मध्यावर असेल, तर इंटरप्टर पडेल का? यावरून, सॉकेट पडले नाही म्हणजे हीटर निर्दोष आहे, असे म्हणता येईल का?