डब्यावरचा आकडा दिवसाचा असतो

फोर बाय फाइव्हचा कॅमेरा घेतलास, आता रात्री बाहेर पडायचं म्हणतेस, आणि पहिलाच प्रश्न विचारतेस: सगळ्यात वेगवान फिल्म कुठली? ऐक पोरी. डब्यावर छापलेला आयएसओ हा दिवसाचा आकडा. शटर क्षणभर उघडून मिटलं, तर तो खरा. रात्री शटर मिनिट-मिनिट उघडं राहतं आणि तेव्हा प्रत्येक फिल्म मंदावते. कुठली थोडी, कुठली फार. रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात ते हेच. रात्री वेगवान ती, जी कमी मंदावते. निवड करताना एवढंच धरून चाल.

आधी बाजार बघ. शीट फिल्ममध्ये कोडॅकची टी-मॅक्स ४०० आणि ट्राय-एक्स ३२०, इलफर्डची एचपी५ प्लस, फोमाची फोमापॅन ४००, आणि रंगीत हवी असेल तर पोर्ट्रा ४००. चारशेच्या वरचं काही क्वचितच हाती लागतं. एके काळी कोडॅकची रॉयल-एक्स पॅन १२५० ची होती, पोलरॉइडची टाइप ५७ तर ३००० ची. ते दिवस गेले. कुणी जुन्या साठ्यातला डबा स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नकोस. मुदत उलटल्यावर मंद फिल्म बरीच वर्षं तग धरते. वेगवान फिल्म लवकर धुरकट होते, आणि नेमका अंधारातला तपशील त्या धुरकटपणात बुडतो.

आता तक्ते वाच. कंपन्या ते छापतात, लोक वाचत नाहीत. मीटरने १०० सेकंद सांगितले, तर कोडॅकच्या हिशेबाने टी-मॅक्स ४०० ला ३०० सेकंद द्यावे लागतात, म्हणजे ५ मिनिटं. ट्राय-एक्स ३२० ला तेवढ्याच १०० चे होतात १,२०० सेकंद. वीस मिनिटं! डब्यावर दोघींमध्ये फरक जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा. एचपी५ साठी इलफर्ड १.३१ हा घातांक देते. मीटरचे सेकंद त्या घातात चढवायचे. १० चे २० होतात, ३० चे ८६, आणि १०० चे जवळपास ७ मिनिटं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं, पण मी सांगतो, घरीच काढून कागदावर लिही आणि तो कागद कॅमेऱ्याच्या बॅगेत आतून चिकटव. अंधारात डोकं चालत नाही. तेव्हा रात्रीसाठी पहिली टी-मॅक्स ४००, ती नाही मिळाली तर एचपी५. ट्राय-एक्स पोर्ट्रेटला ठेव, तिथे ती राणी आहे.

आकाश टिपणाऱ्यांनी हे दुखणं आधीच ओळखलं होतं. १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेची जी प्रसिद्ध प्लेट घेतली, ती आपल्याच मापाची, ४ बाय ५ इंचाची, आणि एक्स्पोजर ४५ मिनिटांचं. पुढे कोडॅकने खगोलशास्त्रज्ञांसाठी खास प्लेट्स काढल्या. नावात ‘ए’ हे अक्षर असलं की ती लांब एक्स्पोजरला टिकणारी. ते लोक अंधारात फिल्म किती टिकते हे पाहून प्लेट मागवत.

‘मग चारशेची फिल्म पुश करून सोळाशे करू का?’ असं विचारशील. करू नकोस. जास्त डेव्हलप केल्याने उजळ भाग आणखी उजळतो. सावलीत जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे काही उगवत नाही. रात्रीच्या दृश्यात दिवे आधीच भडक असतात. म्हणून उलटं करायचं: एक्स्पोजर सढळ, डेव्हलपिंग आखडतं. ट्राय-एक्सच्या तक्त्यात तर १०० सेकंदांसमोर डेव्हलपिंगची वेळ ३० टक्के कमी करा असं लिहिलेलंच आहे.

खरोखरच जास्त वेग हवा असेल, तर त्याच कॅमेऱ्याला रोल फिल्मचा बॅक लाव. १२० मध्ये इलफर्डची डेल्टा ३२०० मिळते, रंगीत पोर्ट्रा ८०० मिळते. मात्र डेल्टाच्या ३२०० वर भाळू नकोस. तिचा मोजलेला आयएसओ १००० आहे, असं इलफर्डच सांगते. निगेटिव्ह लहान होईल, पण लेन्सचा कल आणि बेलोजची सोय हातात राहते.

स्वस्त म्हणून एक्स-रे फिल्म वापरणारे भेटतील. वापरून बघ, लाल दिव्यात ट्रेमध्ये डेव्हलप करता येते ही मोठी सोय. पण हिरव्या किंवा निळ्या उजेडाचीच तिला नजर आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा रस्ता तिला जवळपास काळाच दिसतो. नव्या पांढऱ्या एलईडीखाली ती बरी चालते. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं, तेव्हा नखाचा ओरखडासुद्धा उमटतो.

फिल्मपेक्षा जास्त वेग अॅपर्चरमध्ये आहे. समज, एफ ८ ला मीटर १० सेकंद दाखवतो. एचपी५ ला २० द्यायचे. सवयीने एफ १६ केलंस, तर मीटर म्हणेल ४० आणि फिल्मला लागतील १२५. दोन स्टॉपची किंमत चौपट वाटते, भरावी लागते सहापट. म्हणून आधी लेन्स कलती करून फोकसची पातळी फरसबंदीवर किंवा भिंतीवर आणून बसव आणि एफ ८ वरच काम भागव. ग्राउंड ग्लासवर काही दिसत नसेल, तर जवळच्या आणि लांबच्या टोकाला एकेक टॉर्च ठेवून त्या ठिपक्यांवर फोकस कर.

धावतं काही गोठवायचं असेल, तर फिल्मच्या मागे लागूच नकोस. छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंकने १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावी रात्री धावतं वाफेचं इंजिन ४ बाय ५ वर टिपलं, ते ४३ फ्लॅशबल्ब एकदम पेटवून. त्याने उजेडच उभा केला.

आपल्याकडच्या दमट हवेत एक पथ्य पाळ. डार्क स्लाइड ओढल्याबरोबर शटर उघडू नकोस. बाहेरची ओल लागली की होल्डरमधली शीट किंचित फुगते, हलते. मिनिटभर थांब, मग उघड. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नकोस. सीएसएमटीसमोर उभी राहिलीस, तर बसचा हेडलाइट थेट लेन्सकडे वळला की काळं कार्ड समोर धर आणि तेवढे सेकंद शेवटी भरून काढ.

सेकंदकाट्याला मात्र घाबरू नकोस. छायाचित्रकार ब्रासाई १९३० च्या सुमारास पॅरिसच्या गल्ल्या काचेच्या प्लेट्सवर टिपायचा, तेव्हा वेळ सिगारेटवर मोजायचा: एरवी गोल्वाझ, अंधार जास्त असला तर जाडी बोयार. पाच मिनिटांत दहा सेकंद इकडेतिकडे झाले, तर निगेटिव्हला कळतसुद्धा नाही.

आणि शेवटचं. एकाच फिल्मचा डबा घे, डेव्हलपर एकच ठेव. घराजवळची एकच दिव्याखालची भिंत निवड आणि तक्त्यातल्या वेळेला एक शीट, निम्म्याला एक, दुपटीला एक अशी खर्च कर. कुठल्या शीटमध्ये सावलीतल्या विटा वेगळ्या दिसतात, ते वहीत लिही. तुझ्या लेन्सचा, तुझ्या शटरचा, तुझ्या डेव्हलपरचा खरा आकडा तोच. तो वहीत उतरल्याशिवाय दुसऱ्या फिल्मचं नाव काढू नकोस.