एका हृदयावर दोन ओझी

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण, मुलांचा आहार किंवा परीक्षेचा ताण, असा एक संकेतच आपल्याकडे ठरून गेला आहे. यंदा तो संकेत मोडून मी मोठ्या माणसांच्या हृदयाविषयी लिहीत आहे. त्याला दोन कारणे आहेत. पेडणे तालुक्यातील माझ्या दवाखान्यात मूल आई-वडिलांबरोबर येते तितकेच ते आजीबरोबर किंवा आजोबांबरोबर येते. नातवाचे तपासून झाले की आजी हळूच म्हणते, "डॉक्टर, जरा माझेही प्रेशर बघा ना." हे झाले पहिले कारण. दुसरे कारण घरचे आहे आणि ते सांगताना आजही मन अवघडते.

माझ्या आईला सुमारे वीस वर्षांचा उच्च रक्तदाब आणि चौदा वर्षांचा मधुमेह होता. रक्तदाबाच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, मधुमेहाच्या दुसऱ्यांच्या. दोन फायली, दोन पिशव्या. एका चवथीच्या दिवशी माटोळी बांधण्याची गडबड चालू असताना ती मटकन खाली बसली. कपाळावर घाम, थोडी मळमळ, बाकी काही नाही. आदल्या दिवशी हरतालिकेचा उपवास झाला होता. "पित्त झाले रे, होईल बरे," असे ती म्हणाली आणि मीही पित्तावरची गोळी देऊन पाहुण्यांच्या स्वागताला गेलो. दोन महिन्यांनी देवळाच्या पायऱ्या चढताना तिला दम लागू लागला. मी म्हटले, वय झाले. पुढे रात्री आडवे झाले की जीव घाबरा होऊ लागला, पावलांवर सूज आली, तेव्हा कोठे हृदयाचा आलेख काढला. त्यात हृदयविकाराच्या जुन्या झटक्याची खूण स्पष्ट दिसत होती आणि हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती बरीच उतरली होती. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "चवथीच्या दिवशी आलेख काढला होता का?" छातीत दुखले नव्हते, म्हणून मी तो काढला नव्हता. पोराबाळांच्या बारीकशा खोकल्याला स्टेथोस्कोप लावणारा मी, घरच्या माणसाबाबत चुकलो.

आपल्या दारातील प्रश्न

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे. गोव्यात मात्र ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. चार प्रौढ माणसांत एकाहून अधिक! त्याच सर्वेक्षणात देशभरात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के निघाले. हे दोन्ही आजार एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात नांदतात, हा आपला रोजचा अनुभव आहे. पेडणे-डिचोलीतील कोणत्याही लग्नाच्या पंगतीकडे नजर टाकली, तरी दोन्ही गोळ्या खिशात घेऊन बसलेली माणसे किती असतील, याचा अंदाज आपल्याला सहज यावा.

हृदयात नेमके काय घडते?

विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घेऊ. पाणी उंचावरच्या टाकीत चढवावयाचे असेल तर पंपाला जोर अधिक लावावा लागतो. उच्च रक्तदाबात हृदयाची डावी जवनिका हेच करते. सततच्या जोरामुळे तिचे स्नायू जाड होतात. जाड स्नायूला प्राणवायू अधिक लागतो.

नेमक्या याच वेळी मधुमेह पुरवठा तोडतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या रोहिण्यांत चरबीचे थर साचतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तरही बिघडते. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, असा हा पेच आहे. शिवाय रक्तातील जादा साखर हृदयाच्या स्नायूंमधील तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते. ताठर हृदय आकुंचन ठीक पावते, पण सैल पडून नीट भरत नाही. म्हणूनच पंपाची शक्ती 'उत्तम' असल्याचा अहवाल हातात असूनही रोग्याला दम लागू शकतो. रोहिण्यांत मोठा अडथळा नसतानाही मधुमेहाने हृदय दुबळे होते, हे १९७२ साली शवविच्छेदनांच्या आधारे प्रथम मांडले गेले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील प्रदीर्घ अभ्यासातून १९७४ साली असे दिसले की, मधुमेही पुरुषांत हृदयाच्या अकार्यक्षमतेचे प्रमाण दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट होते. घरातील बायकांच्या दम्याला 'वय झाले' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या दुष्टचक्रात मूत्रपिंडही सापडते. मधुमेहाने त्याची गाळणी झिजली की मूत्रातून अल्ब्युमिन जाऊ लागते, अंगात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाब आणखी चढतो. चढलेला रक्तदाब ती गाळणी अधिकच झिजवितो. मूत्रातील अल्ब्युमिन ही म्हणूनच केवळ मूत्रपिंडाची नव्हे, तर हृदयाचीही धोक्याची घंटा होय.

न दुखणारे दुखणे

हृदयाची वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू दीर्घकालीन मधुमेहात बोथट होतात. झटका येतो, पण छातीत कळ येत नाही. अकारण घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणे, नवाच लागलेला दम, एवढीच काय ती लक्षणे. आपल्याकडे त्यांना 'पित्त', 'गॅस' किंवा 'अशक्तपणा' अशी सोयीची नावे आहेत. झटका आल्याबरोबर तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच आलेख काढून बांबोळीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेण्याची आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध तेथेच देण्याची व्यवस्था राज्यात स्टेमी प्रकल्पाने उभी केली. पण त्या व्यवस्थेचे दार ठोठावण्यासाठी आधी 'हे हृदयाचे असेल' अशी शंका कोणाच्या तरी मनात यावी लागते. दोन्ही आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत ती शंका सर्वप्रथम यावी. आलेख काढावयास काही मिनिटे पुरतात. तो निर्दोष निघाला तर आनंदच आहे. मात्र त्रास चालूच राहिला तर तो पुन्हा काढावा लागतो.

उपचार एकाच पानावर

नुसती साखर कमी केली की हृदय वाचते, हा समज अपुरा आहे. ब्रिटनमधील अकराशेहून अधिक मधुमेही-रक्तदाबी रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. ज्या गटाचा सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ राहिला, त्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी, मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि हृदयाची अकार्यक्षमता ५६ टक्क्यांनी कमी झाली. अवघा दहा अंकांचा तो फरक! उलट २००८ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात साखर अतिशय कडकपणे उतरविण्याच्या प्रयत्नात मृत्यू वाढल्याचे दिसून आले. डेन्मार्कमध्ये केवळ १६० रुग्णांवर साखर, रक्तदाब, चरबी आणि जीवनशैली या सर्वांचा एकत्रित उपचार झाला. २१ वर्षांनी पाहिले तेव्हा असा उपचार मिळालेल्यांचे आयुष्य सुमारे आठ वर्षांनी वाढलेले होते. एकत्र येणाऱ्या शत्रूंशी एकत्रच लढावे लागते, हा त्याचा अर्थ.

२०१५ नंतर मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील औषधांनी हृदयालाही संरक्षण मिळते, असे सिद्ध झाले. कोणते औषध कोणास द्यावे, हे अर्थातच त्या त्या तज्ज्ञाने ठरवावे. कुटुंबाने मात्र पुढील गोष्टी अवश्य कराव्यात:

१. दोन्ही आजारांची एकच वही ठेवावी. सर्व औषधे प्रत्येक डॉक्टरांना दाखवावीत.

२. रक्तदाब बहुतेकांच्या बाबतीत १३०/८० च्या खाली असावा. वृद्धांचा तो उभे करूनही मोजावा, कारण मधुमेहात उठताच दाब उतरून तोल जाऊ शकतो.

३. वर्षातून एकदा मूत्रातील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, चरबी आणि हृदयाचा आलेख यांची तपासणी व्हावी.

४. सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांतील अनेक गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात.

५. बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नये. गोळीमुळेच बरे वाटत असते.

आहाराविषयी एवढेच सांगतो की, आपल्या आगरवाड्याच्या मिठागरांचा अभिमान बाळगावा, पण दिवसाकाठी मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. पावसाळ्याच्या पुरुमेतातील सुकी मासळी, मिठात मुरवलेली तोरे, लोणचे आणि पापड हे सारे एकाच ताटात आले, तर ही मर्यादा जेवण सुरू होताच ओलांडली जाते. भाताचा ढीग कमी करून ताजी मासळी, कडधान्ये आणि भाजी वाढवावी.

पाळण्यापासूनची गोष्ट

आता माझ्या मूळ विषयाकडे वळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच हलकी होती. स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसावयास किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, असे हे मूल पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. म्हणजे ज्या आजाराची फाईल पन्नाशीत उघडते, त्याचे पहिले पान गर्भाशयातच लिहिले जात असते. मुलीचे पोषण, गरोदरपणातील साखरेची तपासणी, बाळाला आईचे दूध, बिस्किटे-शीतपेयांना आवर आणि मैदानावरचा रोजचा तासभर खेळ, हेच हृदयविकारावरील पहिले उपचार होत. तीन वर्षांनंतर मुलाचाही रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. माझ्या व्यवसायबंधूंना ही विनंती मुद्दाम करतो, कारण मुलाच्या दंडाच्या मापाचा पट्टा आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात पडून असतो.

आईला योग्य उपचार मिळाल्यावर ती आणखी चार वर्षे आमच्यात होती. चौथ्या वर्षीची माटोळी तिने खुर्चीवर बसून, कोणते फळ कोठे बांधावयाचे ते सांगत, आमच्याकडून बांधून घेतली. त्या चार वर्षांबद्दल मी कृतज्ञ आहे. जे दोन महिने दवडले, त्यांचे शल्य मात्र कायम आहे. म्हणून आता नातवाला घेऊन आलेली एखादी आजी पायरीवर थबकून दम खाताना दिसली, की मी आधी तिला खुर्ची देतो आणि विचारतो, "आजी, साखर आणि प्रेशर दोन्ही आहे का?" उत्तर 'हो' असे आले, तर नातवाच्या केसपेपराबरोबर तिच्यासाठीही एक चिठ्ठी लिहिली जाते. प्रत्येक दवाखान्यातून अशी चिठ्ठी लिहिली जावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.