म्हातारपणची शिदोरी

पुण्याहून मुंबईच्या वाटेने निघाले म्हणजे पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा परिसर लागतो. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे मोटारी, स्कूटर व त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने उभे राहिले आणि उद्योगांचा हा पट्टा खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पसरला. महाराष्ट्राच्या व भारताच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे कामास येतात. दिवसपाळी असो वा रातपाळी, त्यांची यंत्रे चालूच असतात. परंतु मुलांनो, यंत्र चालविणाऱ्या हातांतील बळ ओसरले म्हणजे त्या कामगाराने काय करावे?

खेड्यात एकत्र कुटुंब असे. म्हातारा माणूस ओसरीवर बसून दोर वळी, नातवंडे सांभाळी आणि घासातला घास खाई. कारखान्याच्या गावी मात्र भाड्याची खोली असते आणि पगार थांबला की चूलही थंडावते. ही अडचण युरोपातील कामगारांना आधी जाणवली. जर्मनीने १८८९ साली कायदा करून कामगार, मालक व सरकार या तिघांच्या पैशांतून वृद्धांना वेतन देण्याची सोय केली.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या बाविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षा हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला आहे. पंचविसाव्या कलमात वार्धक्याचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या संविधानाचे एकेचाळिसावे कलमही सांगते, की राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वृद्धांस साहाय्य करावे. दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. हक्क मात्र ताठ मानेने मागता येतो.

या हक्काला व्यवहारात रूप कसे येते? १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. कामगाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापली जाते व मालकही आपला वाटा घालतो. १९९५ पासून मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतनासाठी वेगळा ठेवला जाऊ लागला. किमान दहा वर्षे सेवा झालेल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षापासून हे वेतन मिळते. म्हणजे ही त्याच्याच घामाची शिदोरी होय.

तथापि सर्वांची शिदोरी बांधली जात नाही. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार वारंवार बदलतो. एखाद्याने निधीत पैसे भरलेच नाहीत, तर तेवढी वर्षे शिदोरीविना जातात. मोलकरीण किंवा फेरीवाला यांस तर पगारपत्रकही नसते.

मग ज्यांना एक मालक नाही, त्यांनी आशा सोडावी काय? नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांचे उदाहरण पाहा. मुंबईत अण्णासाहेब पाटील व पुण्यात बाबा आढाव यांनी अशा कष्टकऱ्यांना संघटित केले. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यानुसार मंडळात कामगारांची नोंद होते. मालक मजुरी आणि तिच्यावरील जादा रक्कम मंडळात भरतात. त्या रकमेतून हमालालाही भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. मालक अनेक असले, तरी शिदोरी एकत्र बांधता येते, हे या कायद्याने दाखविले.

ज्यांच्याजवळ काहीच साठले नाही, अशा पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिची रक्कम थोडी आहे. पण नाव मोठे अर्थपूर्ण आहे. श्रावणाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून यात्रेस नेले. प्रत्येक घरी श्रावण असेलच असे नाही. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांची कावड सर्व समाजाने खांद्यावर घ्यावयाची असते. ज्यांच्या श्रमांवर आपली नगरे उभी राहिली, त्यांचे हे ऋण आहे. ते फेडणे म्हणजे उपकार नव्हे.

स्वाध्याय
१. दान आणि हक्क यांत कोणता फरक आहे?
२. माथाडी कायद्याने कोणती अडचण दूर केली?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वृद्ध कष्टकऱ्याचा निर्वाह कसा होतो, ते विचारून पाच ओळी लिहा.