डार्ट बंदुकीवर नवी दुर्बीण बसवली. ती जुळवायला कोणते साधन घ्यावे?

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याला बेशुद्ध करायच्या बंदुकीसाठी नळीच्या तोंडात बसणारा लेझर पुरेसा आहे. त्याचा दांडा मात्र नळीच्या मापाचाच हवा, 11 किंवा 13 मिलिमीटरचा. रायफलच्या काडतुसाच्या आकाराचा लेझर इथे निरुपयोगी. पारख सोपी: लेझर नळीतच गोल फिरवावा. भिंतीवरचा ठिपका जागेवर राहिला तर घ्यावा, वर्तुळ काढू लागला तर परत करावा.

लेझरने दुर्बीण अंदाजापुरतीच जुळते. किरण सरळ जातो, डार्ट झपाट्याने खाली उतरतो. म्हणून लेझर आठवणीने काढून, पाणी भरलेले सरावाचे डार्ट ठरलेल्या दाबाने 10 आणि 20 मीटरवरून मारूनच नेम पक्का करावा. मांडीऐवजी पोटात घुसलेला डार्ट माणिकडोहच्या निवारा केंद्रात पोहोचण्याआधीच बिबट्याच्या जिवावर बेतू शकतो.