पेगन साधनेतील ‘आतली राई’ : मनात सुरक्षित जागा कशी करावी?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘पेगन’ हा शब्द आता अगदीच नवा राहिलेला नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा नोंदवला. २०११ मध्ये हा आकडा सुमारे ५७ हजार होता. तेव्हा कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाच्या मुलाची मैत्रीण या पंथातली असणे शक्य आहे. मी समुपदेशनाचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत पेगन साधक असतात, तसेच त्यांच्याविषयी काळजीत पडलेले आपले मराठी पालकही असतात. ‘मुलगी रोज डोळे मिटून मनातल्या जंगलात जाते म्हणते, हे ठीक आहे का?’ असा प्रश्न मला एकापेक्षा अधिक वेळा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

पेगन म्हणजे कोण?

पेगन म्हणजे सैतानाचे पूजक, हा निव्वळ गैरसमज आहे. ख्रिस्ती धर्माच्या आधी युरोपात ज्या निसर्गदेवता पुजल्या जात, त्यांच्यापासून स्फूर्ती घेणारे हे आधुनिक पंथ आहेत. विक्का आणि ड्रुइड हे त्यांतले दोन प्रमुख. जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्काविषयी उघडपणे पुस्तक लिहिले. रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये ड्रुइडांची एक मोठी संस्था काढली. २०१० मध्ये ‘ड्रुइड नेटवर्क’ला धर्मादाय संस्था म्हणून सरकारी नोंदणीही मिळाली.

प्राचीन ड्रुइडांची पूजा झाडांच्या राईत चाले. रोमन सैन्याने इ.स. ६०च्या सुमारास अँगल्सी बेटावर हल्ला करून तिथल्या राया तोडल्याचे टॅसिटसने लिहून ठेवले आहे. आजचे ड्रुइड त्या लोकांचे अखंड वारस नाहीत. त्यांची परंपरा अलीकडची आहे. पण राईची कल्पना त्यांनी जपली. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पावसाळी संध्याकाळी राई कुठून मिळणार? म्हणून ती मनात उभी करायची. हीच ‘आतली राई’. विक्कातही साधनेपूर्वी मनाने एक वर्तुळ आखून त्यात बसतात.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. कोकणातली देवराई आपल्या परिचयाची आहे आणि मानसपूजाही. फुले नाहीत, समई नाही, तरी मनाने सर्व उपचार अर्पण करता येतात, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मी म्हणत नाही. मनाची रीत मात्र सारखी आहे.

शरीरात काय घडते?

भीती वाटली की हृदय जलद चालते, स्नायू ताठरतात, श्वास वरच्यावर होतो. धोका समोर नसला, नुसता आठवला, तरी असेच होते. याच न्यायाने शांत जागा बारकाईने आठवली आणि श्वास लांबवून सोडला, तर हृदयाची गती उतरते व स्नायू सैल पडतात. मानसोपचारातही याचा उपयोग करतात. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ई.एम.डी.आर. या उपचारात, आघाताच्या आठवणींना हात घालण्याआधी, रुग्णाला मनात एक सुरक्षित जागा तयार करायला शिकवतात. आधी आसरा, मग कठीण काम, असा तो क्रम आहे.

पण आसरा म्हणजे कायमचे घर नव्हे. मला या लेखात एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे : जागा किती सुंदर दिसली याला फार महत्त्व नाही, तिथून परत येण्याची वाट पक्की आहे की नाही, यावर तिची सुरक्षितता ठरते.

कृती

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा.

१. जागा निवडा. पाहिलेली किंवा कल्पनेतली, कोणतीही चालेल; मात्र तिच्याशी एखादे दुःख जोडलेले नसावे. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी आजीची बाग निवडली होती. आजी नुकतीच गेली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी रडू यायचे. त्यांनी बाग सोडून कालव्याकाठचे एक ओकचे झाड घेतले आणि साधना सुरळीत झाली.

२. वाट आखा. समजा, सात पायऱ्या आणि एक फाटक. दर वेळी तीच वाट घ्या. पायऱ्या मनात मोजत उतरा.

३. सीमा घाला. पेगन साधक वर्तुळ आखून चार दिशांना वंदन करतात : पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. ‘माझ्या परवानगीशिवाय इथे कुणी येणार नाही’ असे स्वतःला सांगा.

४. सर्व इंद्रिये वापरा. पायाखालचे गवत ओले आहे का? कसला वास येतो? काही लोकांना मनात चित्र दिसतच नाही. एक्झेटर विद्यापीठातील ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला ‘अफँटेझिया’ असे नाव दिले. हा आजार नाही. अशांनी स्पर्श, आवाज किंवा शब्द यांचा आधार घ्यावा.

५. परत या. नवखे साधक नेमकी हीच पायरी गाळतात. दिशांचे आभार माना, वर्तुळ मोडा, फाटक लावा, पायऱ्या मोजत वर या. डोळे उघडून आजचा वार आणि आपण बसलो आहोत ती खोली मोठ्याने सांगा. मग काहीतरी खा, पाणी प्या. विक्कातही विधीनंतर केक आणि पेय घेण्याची प्रथा आहे. मन पुन्हा शरीरावर आणायला घासासारखा उपाय नाही. आपल्या पूजेतही आवाहनाने सुरुवात होते आणि शेवटी विसर्जन असते. विसर्जनाशिवाय पूजा पुरी होत नाही.

शेवटी वहीत दोन ओळी लिहा : किती वेळ बसलो, आणि उठल्यावर कसे वाटले.

सावधगिरी

डोळे मिटून शांत बसल्यावर काहींची अस्वस्थता उलट वाढते. तसे झाले तर डोळे उघडे ठेवून, हातात एखादा दगड किंवा थंड पाण्याचा पेला धरून पाहा. मनातल्या जागेत एखादे भयंकर दृश्य घुसले तर त्याच्याशी झुंजू नका. ताबडतोब डोळे उघडा, उभे राहा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्या.

ज्यांना पूर्वी भास झाले आहेत, ज्यांना मधूनच आपण इथे नाहीच असे वाटते, किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झाला आहे, त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये. आधी डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. गाडी चालवताना तर हे मुळीच करू नये. पेटती मेणबत्ती पुढ्यात ठेवून डोळे मिटू नका, आणि दमा असल्यास धूप टाळा.

गटात जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आतली जागा ज्याची त्याचीच असते. ‘तुझ्या जागेत काय आहे ते मला सांगितलेच पाहिजे’ किंवा ‘माझ्याशिवाय तिथे जाऊ नकोस’ असे कोणी म्हणत असेल, तर तो गट सोडावा. हा नियम कोणत्याही पंथाच्या गुरूला लागू आहे.

पालकांनी काय पाहावे?

मूल कोणत्या देवतेचे नाव घेते यावरून काळजी ठरवू नका. तीन गोष्टी पाहा. साधनेनंतर ते जेवायला, बोलायला, अभ्यासाला नीट येते का? बसण्याचा वेळ दिवसेंदिवस वाढत चालला आहे का? मित्र, कॉलेज, झोप यांपासून ते दूर जात आहे का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि बाकी दोन्हींचे ‘नाही’ असेल, तर निश्चिंत राहा; जमल्यास शेजारी बसून आपली मानसपूजा करा. उत्तरे उलट असतील तर न रागावता, न हिणवता विचारपूस करा आणि आपल्या जी.पी.ची भेट घ्या. इंग्लंडमध्ये तातडीच्या मानसिक मदतीसाठी १११ वर फोन करून दुसरा पर्याय निवडता येतो. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक अहोरात्र आणि विनामूल्य चालू असतो. जिवाला धोका असेल तर ९९९.

मुलाशी बोलताना सुरुवात ‘तू तिथे का जातोस?’ अशी करू नका. ‘परत आल्यावर कसं वाटतं?’ असे विचारा. त्या उत्तरावरूनच पुष्कळसा उलगडा होईल.