निसर्गपाठ : कड्यावरचे शिवसुमन

हेतू : आपल्या परिसरातील दुर्मिळ वनस्पतीची ओळख करून देणे व तिच्या रक्षणाची वृत्ती मुलांच्या ठिकाणी रुजविणे.

विषयविवेचन : शिवनेरीचे नाव मुलांस इतिहासाच्या पाठातून ठाऊक असते. त्याच जुन्नरच्या डोंगरांत शिंदळमाकडी ही वनस्पती उगवते. शिवनेरीच्या सान्निध्यामुळे तिला शिवसुमन असेही म्हणतात. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांच्या नावावरून डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे ‘फ्रेरिया इंडिका’ असे नामकरण केले. पुरंदरालगतचा वज्रगड, महाबळेश्वरचा डोंगर अशा सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांखेरीज जगात इतरत्र ती निसर्गतः आढळत नाही.

कड्याच्या कपारीत माती मूठभर, पाणी पावसाळ्यापुरतेच. म्हणून ही वनस्पती आपल्या मांसल खोडात पाणी साठविते. पावसाळ्यात तिला पाने येतात. कोरड्या दिवसांत ती गळतात व हिरवे खोडच अन्न तयार करते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी फुले येतात. परागवहनाचे काम माश्या करतात. शेंगेतील बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो. त्यायोगे त्या वाऱ्याबरोबर दुसऱ्या कपारीत जातात.

पाठाची मांडणी : प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवावे, हा निसर्गपाठाचा नियम होय. या पाठास मात्र तो लागू करू नये. एका शाळेने एक रोप उपटले, तरी त्या कपारीतील वंश संपू शकतो. शिक्षकाने फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढावे व नमुना म्हणून रुई घ्यावी. ती याच कुळातील आहे. उन्हाळ्यात उकललेली रुईची फळे जपून ठेवावीत व त्यांतील बिया वर्गात फुंकरीने उडवून दाखवाव्यात. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने ताजी फांदी शिक्षकानेच हाताळावी. सहलीत फूल दिसल्यास ते दुरूनच पाहावे. मुलांस कड्याकडे जाऊ देऊ नये.

प्रश्न :
१. कोरड्या दिवसांत ही वनस्पती पाने का गाळते?
२. बियांना तंतू नसते तर काय झाले असते?
३. गावच्या शिवारात पूर्वी विपुल असलेली, पण आता क्वचित दिसणारी झाडे कोणती? घरातील वडील माणसांस विचारून यादी करा.

तिसऱ्या प्रश्नाच्या याद्या शाळेत जतन कराव्यात. पुढील वर्षीच्या वर्गास त्या पडताळून पाहता येतील.